पहिल्या पट्टीच्या कडेला

"बाबा, स्थापना कोणत्या सालची लिहू?"

मुलीनं हे विचारलं तेव्हा माझ्या हातात पियानोची एक हातोडी होती आणि तिच्या कडक झालेल्या फेल्टमध्ये मी सुया टोचत होतो. वर्षानुवर्षं तारांवर आपटून फेल्ट घट्ट होतं, सूर पत्र्यासारखा वाजू लागतो. सुईनं ते आतून मोकळं केलं की सूर पुन्हा गोल होतो. किती टोचायचं ते हाताला कळतं, आणि असं काम चालू असताना मी सहसा बोलत नाही. पण तीन आठवडे ती रोज ऑफिसातून आल्यावर रात्री बसून आमची वेबसाइट बांधत होती. तिला ताटकळत ठेवणं मला बरं वाटेना.

सेवा, दर, छायाचित्रं, संपर्क ही पानं तयार होती. अडलं होतं 'आमच्याविषयी' या पानावर. तिथे एक साल लागतं, असं तिचं म्हणणं. धोबी तलावाच्या फुर्टाडोंचं १८६५, मद्रासच्या 'म्युझे म्युझिकल'चं १८४२, ही सालं आमच्या घरात पाढ्यांसारखी पाठ आहेत. पण ती दुकानं आहेत. आमचं काम पियानो लावण्याचं, तंबोरा लावतात तसं. त्याला दुकान लागत नाही की पाटी लागत नाही. एक कातडी पिशवी लागते. तीत खुंट्या पिळायची किल्ली, नादकाटा, रबराच्या पाचरी, तारांमध्ये खुपसायची फेल्टची लांब पट्टी. गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर आमची एक खोली आहे, पण तिथे दुरुस्तीला काढून आणलेले सुटे भाग असतात. गिऱ्हाईक तिथे येत नाही, आपण त्याच्या घरी जायचं. वडिलांनी जन्मभर तेच केलं, मी चाळीस वर्षं तेच करतो आहे.

मी तिला साल सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हटलं, चल माझ्याबरोबर दादरच्या पारशी कॉलनीत.

तिथल्या एका घरात लंडनच्या चॅपेल कंपनीचा उभा पियानो आहे. वरचं झाकण उघडलं, पुढची मोठी फळी काढून भिंतीशी टेकवली, पट्ट्यांवरचं झाकण सोडवलं आणि सगळ्यात डावीकडची पहिली पट्टी अलगद उचलून बाहेर घेतली. वाजवणाऱ्याला पट्टी बोटभर दिसते, पण आत ती हातभर लांब लाकडाची असते. प्रत्येकीवर क्रमांक ठोकलेला असतो. जुन्या इंग्लिश पियानोंत बहुधा पंचाऐंशीपर्यंत, आताच्या पियानोंत अठ्ठ्याऐंशीपर्यंत. या पहिल्या पट्टीच्या कडेला, जिथे एरवी कुणाचीही नजर पोचत नाही तिथे, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत नोंदी होत्या. सगळ्यात जुनी नोव्हेंबर १९०८ ची, पुढे दोन आद्याक्षरं, जे. एफ. मग १९२३ पासून दुसरा हात, तिरका, दाबून लिहिलेला. १९३१ पासून तिसरा. मग एक मोठा रिकामा पट्टा. आणि १९६१ पासून माझ्या वडिलांचं अक्षर, वर्षातून दोन नोंदी, अगदी शाळेत गिरवल्यासारखं. १९८९ पासून माझं.

मुलगी बराच वेळ ती पट्टी खिडकीच्या उजेडात फिरवून बघत होती. तिनं आजोबांना पाहिलं नाही. त्यांचं अक्षर घरात दोन-तीन पत्रांवर आहे, तेवढंच तिला ठाऊक.

अशी सही करायची रीत आमच्या धंद्यात जगभर आहे. कुणी पट्टीच्या कडेला लिहितं, कुणी खालच्या दारामागे, कुणी बिडाच्या चौकटीवर खडूनं. पुढच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून ती नोंद असते. पियानो शेवटचा कधी लावला, सूर कुठवर चढवला, कोणती तार बदलली, एवढं कळलं की त्याचं काम सोपं होतं. पण माझ्या वडिलांपुरतं तिचं आणखी एक कारण होतं, आणि ते मला लिहायला हवं.

वडील १९५६ साली एका दुकानात लागले. आधी हमालांबरोबर पियानो उचलायला, मग झाडपूस, मग एका वयस्कर गोवेकर ट्यूनरच्या हाताखाली. दुकानाचा नियम असा होता की गिऱ्हाईक दुकानाचं. ट्यूनरनं आपलं नाव सांगायचं नाही, पत्ता द्यायचा नाही. बिल दुकानाच्या कागदावर, पैसे दुकानात. एकदा एका बाईंना त्यांनी घरचा पत्ता लिहून दिला, कारण त्यांच्या मुलाची परीक्षा तोंडावर होती आणि दुकानाला दिवाळीची सुट्टी होती. त्याबद्दल त्यांचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. पियानोच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत जे नाव असतं तेसुद्धा पुष्कळदा बनवणाऱ्याचं नसतं, विकणाऱ्याचं असतं. मग ज्याच्या कानानं तो पियानो सुरात राहिला त्याचं नाव कुठे असणार? ते पहिल्या पट्टीच्या कडेला. एकतीस वर्षं वडिलांनी ते तिथे लिहिलं, आणि ते वाचणारा माणूस फक्त पुढचा ट्यूनर होता.

वेबसाइट करायला मी इतकी वर्षं का तयार नव्हतो, हे मला स्वतःला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात नाव आत लिहायची सवय होती.

या धंद्यात नाव बाहेर कसं काढायचं हा प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पॅरिसचं. क्लोद मोंताल नावाचा मुलगा, जन्म १८०० चा. लहानपणी आजारात डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत तो शिकला; लुई ब्रेल त्याच शाळेतला, त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. शाळेचा पियानो लावायला एक डोळस माणूस येई. त्याचं काम मोंतालला आणि त्याच्या एका सोबत्याला पटेना, म्हणून दोघं चोरून पियानो उघडून स्वतःच लावू लागले. त्या माणसानं तक्रार केली आणि मुलांना पियानोला हात लावायची बंदी झाली. मग त्यांनी एक जुना, मोडका पियानो मिळवला, तो पूर्ण सोडवला, पुन्हा जोडला, आणि बोटांनी त्याचा प्रत्येक भाग पाठ केला.

शाळा सुटल्यावर मोंताल पॅरिसमध्ये याच कामावर पोट भरायला निघाला तेव्हा कुणी त्याला दारात उभं करेना. हजारो भागांचं महागडं यंत्र आंधळ्याच्या हातात कोण देईल? त्यानं त्यावर काढलेला मार्ग मला आजही थक्क करतो. १८३६ साली त्यानं एक जाडजूड पुस्तक छापलं आणि त्यात स्वतःचा पियानो स्वतः कसा लावावा ते शिकवलं. धंद्याचं गुपित पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडं करून टाकलं. ज्यांनी ते वाचलं त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, हे काम आपल्याच्यानं होण्यासारखं नाही. दुसरी, हे ज्यानं लिहिलं त्याला हे येतं. पुढे त्याचा स्वतःचा पियानोचा कारखाना झाला आणि १८५१ मध्ये त्याला फ्रान्सचा लिजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला. इंग्लंडात १८७२ मध्ये फ्रान्सिस कॅम्पबेल या स्वतः अंध असलेल्या अमेरिकन संगीतशिक्षकानं अंधांसाठी जे महाविद्यालय उभारलं, तिथे पियानो लावणं हा शिकवायचा धंदाच झाला, आणि कित्येक पिढ्या इंग्लंडातल्या घरांना अंध ट्यूनर हे नेहमीचं दृश्य होतं.

मोंतालची गोष्ट मी मुलीला टॅक्सीत सांगितली. ती म्हणाली, म्हणजे आपणही सगळं लिहायचं. त्या क्षणी मला तिचं म्हणणं पटलं. 'सेवा' या पानावर तिनं दोन ओळी टाकल्या होत्या. त्याचं आता बरंच मोठं पान झालं आहे, आणि त्यातला निम्मा मजकूर पावसाळ्यावर आहे.

कारण इथे पियानोचा इतिहास म्हणजे हवेशी झालेल्या झगड्याचा इतिहास. पियानो ही थंड, कोरड्या दिवाणखान्यात जन्मलेली वस्तू. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं ती पहिल्यांदा बनवली. मुंबईला ती यायची ती आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्महिने जहाजाच्या पोटात, खाऱ्या हवेत. १८६९ मध्ये सुएझ खुला झाला आणि तो प्रवास आठवड्यांवर आला. पण इथे उतरल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सरसाचे जोड सुटायचे, पट्ट्यांवरचे हस्तिदंताचे पत्रे उचकटून यायचे. म्हणून इंग्लिश कारखाने गरम देशांसाठी वेगळे पियानो करू लागले. पेटी भरीव सागवानाची, कारण सागाला वाळवी सहजी लागत नाही आणि तो फुगतो कमी. जोडांना सरसाबरोबर पितळी स्क्रू. हस्तिदंताच्या प्रत्येक पत्र्याला दोन बारीक पितळी पिना. पारशी कॉलनीतल्या त्या पियानोला त्या पिना आहेत. शंभराहून जास्त वर्षं झाली, एकही पत्रा हललेला नाही. लंडनमधल्या कुणी कारागिरानं मुंबईचा पाऊस न बघता त्याची एवढी काळजी घेतली, याचं मला प्रत्येक वेळी कौतुक वाटतं.

सागाच्या पेटीनं अर्धंच काम होतं. आतला साउंडबोर्ड स्प्रूसच्या लाकडाचा, पातळ, किंचित फुगीर बाकाचा. जून लागला की तो हवेतलं पाणी पितो, फुगतो, तारांना वर उचलतो, आणि सूर चढतो. सगळे सूर सारखे चढत नाहीत, मधल्या सप्तकाचे जास्त. म्हणून पावसाळ्यात पियानो नुसता उंच होत नाही, वाकडा होतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उतरतो, तोही वाकडाच. शिवाय ज्या बारीक पिनांवर हातोड्या हलतात त्यांच्याभोवतीचं कापड ओलाव्यानं फुगतं, पट्टी दाबली की हातोडी जाते पण परत यायला आळस करते. खालच्या दाराआड पावसाळाभर चाळीस वॅटचा दिवा पेटता ठेवायचा हा मुंबईतला जुना उपाय. वडिलांच्या हयातीत तो सगळ्यांना ठाऊक होता. आता बाजारात तसे दिवे शोधावे लागतात आणि नव्या एलईडीत ऊब नसते. फेल्टला कसर लागू नये म्हणून कापूर किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला. पियानो भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही, खिडकीखाली तर नाहीच. आणि एसी सकाळी चालू, संध्याकाळी बंद असं करायचं नाही. त्यापेक्षा पंखा बरा.

हे सगळं आता पानावर आहे. फुकट. मोंतालनं दिलं तसं.

वर्षातून दोनदा लावायचा, हे गणित या हवेतून आलं. पूर्वी दुकानांचे वार्षिक करार असत. अमुक रुपये भरायचे, ठरलेल्या वेळी ट्यूनर येऊन जाणार. मोठ्या दुकानांचे ट्यूनर मोफसलात दौऱ्यावरही जात. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे झाली आणि पियानो वाघिणीत घालून पुण्याला नेता येऊ लागला. त्याआधी घाट म्हणजे बैलगाड्या आणि माणसांचे खांदे. १८७१ मध्ये गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं घर पूर्ण झालं, जिथे आता पुणे विद्यापीठ आहे. पावसाळ्यात मुंबईचं सरकार पुण्याला राहायला जायचं, त्याच्या मागोमाग साहेबांची कुटुंबं आणि त्यांचे नाच-गाण्याचे बेत. म्हणजे ज्या चार महिन्यांत मुंबईचे पियानो सगळ्यात जास्त बिघडत, त्याच महिन्यांत ट्यूनरची पुण्यातही गरज लागे. हे अजूनही बदललेलं नाही. जून ते सप्टेंबर मी आठवड्यातून एक दिवस पुण्यात असतो, सकाळच्या गाडीनं जातो, कॅम्प आणि कोरेगाव पार्क करून रात्री परत.

आमच्या घरात ही विद्या मात्र पियानोच्या आधी आली, आणि ती नाटकातून आली. माझे आजोबा एका नाटक मंडळीत ऑर्गनची देखभाल करत. संगीत नाटकांत पायपेटीच्या जागी पुढे परदेशी ऑर्गन आले; गंधर्व मंडळीच्या ऑर्गनचं नाव तर आजही निघतं. पायानं भाता मारायचा, आत पितळी स्वरपत्त्या. मुक्काम हलला की ऑर्गन बैलगाडीत, आणि नव्या गावी उतरला की एखादी पत्ती गप्प. आजोबा कानशीनं पत्ती टोकाशी खरवडून सूर चढवत, मुळाशी खरवडून उतरवत. एकदा जास्त खरवडली की पितळ परत येत नाही. वडिलांना त्यांनी हे लहानपणी शिकवलं होतं, म्हणून दुकानातल्या त्या गोवेकर ट्यूनरनं हमालांमधून त्यांना निवडलं.

पण निवडल्यावर पहिलं वर्षभर त्यांना कानातलं सगळं पुसायला लागलं, असं ते सांगत. घरी तंबोरा होता. तंबोरा नीट लागला, जवारी जमली की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. तो शुद्ध गांधार. पियानोचा गांधार त्याहून चढा आहे. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भाग चढा. पंचम दोन भाग उतरा. पियानोत बारा स्वरांमधली अंतरं सारखी करावी लागतात, नाहीतर एका पट्टीत गोड वाजलेलं गाणं दुसऱ्या पट्टीत भुंकायला लागेल. मग चूक सगळ्यांमध्ये थोडी थोडी वाटून टाकायची. ती नेमकी किती, हे ऐकायचं कसं? दोन सूर एकत्र वाजवले की त्यांच्यात एक लाट उठते, वा-वा-वा अशी. पुस्तकात तिला विस्पंद म्हणतात, वडील 'डुलणं' म्हणत. षड्ज-पंचम फार सावकाश डुलला पाहिजे, षड्ज-गांधार भराभर, आणि वर जाल तसतसं डुलणं जिन्याच्या पायऱ्यांसारखं एकसारखं वाढत गेलं पाहिजे. ट्यूनर सूर ऐकत नाही, सुरांमधलं हे डुलणं मोजतो. ज्याच्या कानात तंबोऱ्याचा गांधार बसला आहे त्याला मुद्दाम तो चढा ठेवायचा म्हणजे जिवावर येतं. वडील म्हणत, दिवसा मी चौदा भाग खोटं बोलतो आणि रात्री तंबोरा लावून तोंड धुतो.

हा पेच काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांबरोबर श्रुतींच्या हार्मोनियमचा ध्यास घेतला, तो याच चौदा भागांसाठी. १९४० मध्ये रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीन दशकं टिकली, त्यामागेही हे एक कारण होतं. मला स्वतःला दोन्ही गांधार आवडतात. दोघांना एकमेकांच्या घरी नेऊ नये एवढंच.

वडिलांच्या उमेदीच्या काळात मुंबईत पियानोला काम भरपूर होतं. त्याआधीच्या दोन दशकांत या शहरानं बरंच काही पाहिलं होतं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हिटलरच्या युरोपातून वेळीच निघून १९३४ मध्ये मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमननी इथे चेंबर म्युझिकची संस्था काढली आणि आकाशवाणीची ती ओळखीची धून केली. ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन जॅझ पियानिस्ट येऊन गेले. स्वातंत्र्यानंतर इंग्रज कुटुंबं गेली आणि त्यांचे पियानो लिलावात, तिथून गोवेकरांच्या, पारशांच्या, ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांच्या घरी, काही चोर बाजारात. आणि काही स्टुडिओत. १९४९ च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसला आणि त्यानंतर हिंदी सिनेमात कुणाचंही मन दुखावलं की पियानो वाजू लागला. पडद्यावर नट बसे, रेकॉर्डिंगला लुसिला पाशेकोंसारखे पट्टीचे वादक. रेकॉर्डिंगच्या दिवशी वडील पहाटे जाऊन पियानो लावत आणि दिवसभर थांबत, कारण मोठ्या दिव्यांनी आणि माणसांच्या गर्दीनं दुपारी सूर हलायचा. पडद्यावर नावांच्या यादीत ट्यूनर कधी आला नाही.

मग ऐंशीच्या दशकात कॅसिओ आला. त्याबद्दल मला राग नाही. ज्यांना पियानो कधीच घेता आला नसता अशी हजारो मुलं त्यावर शिकली. पण पियानो विकले जाऊ लागले, मिळेल त्या भावात, कधी नुसत्या लाकडाच्या. सागाची पेटी म्हणून कपाट करायला नेलेला एक ब्रॉडवुड मी पाहिला आहे. त्या काळात माझ्याकडे महिन्याला चार-पाचच बोलावणी यायची. तगलो ते परीक्षांवर. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या आणि ट्रिनिटीच्या परीक्षा जवळ आल्या की पालकांचे फोन येतात, हे अजूनही आहे. २००६ मध्ये एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, २०१६ मध्ये ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं, आणि नव्या घरांत नवे पियानो आले. या नव्या लोकांना आमच्यासारखे कुठे सापडतात ते माहीत नसतं. आईवडिलांकडून चालत आलेला ट्यूनर त्यांच्याकडे नाही. म्हणून वेबसाइट.

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी विद्यार्थ्यांना एक कोडं घालत, असं सांगतात: शिकागोत पियानो लावणारे किती असतील? लोकसंख्येवरून, घरांवरून, पियानो वर्षातून किती वेळा लावतात यावरून अंदाज बांधायचा. मुलीला हे कोडं कॉलेजात शिकवलं होतं. तिनं ते मुंबईला लावून पाहिलं आणि आकडा इतका लहान आला की तिनं गणित परत केलं.

इंटरनेट आपल्याकडे सगळ्यांसाठी खुलं झालं १९९५ च्या पंधरा ऑगस्टला, आणि २०१४ पासून पत्ताही नागरीत, शेवटी '.भारत' लावून घेता येतो. तसा घ्यावा अशी माझी फार इच्छा होती. पण आमची निम्मी गिऱ्हाइकं नागरी टाइप करणार नाहीत, म्हणून पत्ता रोमनमध्ये घेतला आणि मजकूर मराठी, इंग्रजी दोन्हीत. मराठी मजकूर मी हातानं लिहितो, ती टाइप करते. 'ट्यूनिंग' असं तिनं लिहिलं होतं. मी 'पियानो लावणे' केलं. कोल्हापूरच्या एखाद्या घरात आजीचा पियानो असेल तर तिथला माणूस हेच शब्द वापरणार.

दरांच्या पानावर थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, आकडे स्पष्ट हवेत. माझंही तेच. वाद झाला तो एका ओळीवरून. जुन्या इंग्लिश पियानोंच्या तारा वेगवेगळ्या सुरांच्या काळात चढवलेल्या. फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ कंपनं ठरवली, इंग्लंडात त्याहून बराच उंच सूर चालत होता, आणि ४४० हा आकडा सगळ्यांनी मानला तो १९३९ च्या लंडनच्या परिषदेनंतर. तीस वर्षं कुणी हात न लावलेला, गंजल्या तारांचा पियानो एकदम ४४० वर न्यायचा म्हणजे सव्वादोनशे तारांचा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण त्या म्हाताऱ्या लाकडावर परत चढवायचा. तार तुटते, कधी खुंट्यांची फळी तडकते. म्हणून मी लिहिलं: काही पियानो आम्ही ४४० वर नेणार नाही, आणि काहींवर पैसे खर्च करू नका असं सांगू, तपासणीचे पैसे मात्र घेऊ. मुलगी म्हणाली, गिऱ्हाईक पळेल. मी म्हटलं, वडिलांनी कुलाब्यात एका घरी हेच सांगितलं होतं आणि त्या घरानं पुढच्या वीस वर्षांत सहा घरं दिली. ती ओळ राहिली.

राहता राहिलं साल. १९५६ लिहावं तर ते दुकानाचं, आमचं नव्हे. १९६१ ही त्या पट्टीवरची वडिलांची पहिली नोंद. मुलीनं विचारलं, मग १९६१ लिहू? मी हो म्हणणार होतो. पण तिनं मोबाइलवर काढलेलं त्या पट्टीचं छायाचित्र पडद्यावर मोठं केलं, आणि वडिलांच्या अक्षरांच्या वर ते बाकीचे तिघं दिसू लागले. तिरक्या, दाबून लिहिणाऱ्या माणसानं १९२७ मध्ये एका तारेचा क्रमांक नोंदवून ठेवला होता. ती तार अजून तीच आहे. तिची जुनी गुंडाळी पाहून मी ती ओळखली.

"हे जे. एफ. कोण?" तिनं विचारलं.

मला ठाऊक नाही, वडिलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं काम मात्र मला ठाऊक आहे. पट्ट्यांची खोली त्यांनी बसवली ती अजून आहे, मी फक्त कागदाच्या चकत्या बदलल्या.

घरमालकीणबाईंना विचारून, घराचा काही माग लागणार नाही असं कापून, ते छायाचित्र 'आमच्याविषयी'वर लावलं. खाली स्थापना हा शब्द नाही. पट्टीवर जसं आहे त्याच क्रमानं लिहिलं आहे: जे. एफ., १९०८. तिरक्या अक्षराचे ट्यूनर, १९२३. तिसरे, १९३१. मग वडिलांचं पूर्ण नाव, १९६१. मग माझं, १९८९. त्याखाली मुलीनं एक रिकामी ओळ सोडली आहे, कारण त्या पियानोची पुढची वेळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि दिवाही तेव्हाच लावायचा आहे.